पाहिले, असा शेरा

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो हे आमच्या शाळेत शिपायापासून मुख्याध्यापिकाबाईंपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मुलं माझ्या माघारी मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, इथे लिहीत नाही. डोंबिवलीत मराठी माध्यमाच्या वर्गांत वीस-बावीस वर्षं घसा फोडल्यावर माणूस एकतर मऊ होतं, नाहीतर माझ्यासारखं होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या रागाचा वाटा मोठा आहे.

लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाईलमध्ये गेली आणि पुन्हा वर्गात आली, त्यानंतरची गोष्ट. मुख्याध्यापिकाबाई कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आल्या आणि म्हणाल्या, तुमच्या सहावीचा ब्लॉग काढा. मुलं, शिक्षक, पालक सगळे एका जागी येतील. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता की, म्हटलं. पण त्यावर सकाळी फुलं यायची आणि संध्याकाळी भांडणं. मग काढला ब्लॉग. प्रत्येक मुलानं रोज पाच-सात ओळी लिहायच्या, आज काय शिकलो, रस्त्यात काय दिसलं, डब्यात काय होतं. घरी फोन नसेल त्यानं वहीत लिहायचं आणि शाळेच्या कॉम्प्युटरवरून चढवायचं.

इथे मी माझी अक्कल चालवली. दैनंदिनीवर पालकांची सही घ्यायची मला जन्माची सवय. ब्लॉगवर सही कुठली घेणार? तर नियम केला, की मुलाच्या लेखाखाली पालकानं रोज 'पाहिले' असं लिहायचं. आम्ही वह्यांवर लाल पेनानं लिहितो तसं. ज्याच्या खाली 'पाहिले' नाही, ते मूल दुसऱ्या दिवशी पहिला तासभर उभं. पालकांनी मुलांशी चार शब्द बोलावेत म्हणून काढलेली गोष्ट, आणि मी तिचं हजेरीपुस्तक करून टाकलं. शिवाय आलेला प्रत्येक शेरा आधी माझ्या फोनवर यायचा, मी मंजूर केला तरच ब्लॉगवर दिसायचा. दाराशी मीच बसलेली.

त्या वर्षी वर्गात एक मुलगी नवीन आली, दिव्याहून, म्हणजे दिवा स्टेशनाकडून. दोन घट्ट वेण्या, बोलणं कमी, अक्षर सुरेख. प्रवेशाच्या फॉर्मवर आईच्या नावाआधी 'कै.' लिहिलेलं होतं. मी ते पाहिलं, मनात चुकचुकले, आणि ठरवलं की हिच्यावर जरा कमी ओरडायचं. तेवढंच माझ्याच्यानं होण्यासारखं होतं.

शेरे मी मधल्या सुट्टीत एका बैठकीत मंजूर करायचे. चाळीसेक 'पाहिले', अंगठा मारत सुटायचं. कुणाचं खातं 'पप्पा', कुणाचं 'अमक्याची मम्मी', कुणाचं नुसता गणपतीचा फोटो. तीन आठवडे असे गेले. एके दिवशी एका लेखात ओळ होती, 'आज डब्यात भेंडी होती. मी खाल्ली.' खाली शेरा आला होता, 'पाहिले. भेंडी तुला आवडत नाही. कोण देतं?' मला हसू आलं. चला, एक आई तरी बोलली. लेख कुणाचा म्हणून वर बघितलं. लेख दिव्याच्या मुलीचा होता. शेऱ्याचं खातं नुसतं 'आई'.

मागचं सगळं उघडून पाहिलं. पहिल्या दिवसापासून रोज एक 'पाहिले', रोज दुपारी सव्वा ते दीडच्या मध्ये, एकही दिवस चुकलेला नाही. मीच मंजूर केलेले. मधूनच एखादी ओळ जास्त: 'पाहिले. वेणी सैल घाल, कानामागे दुखतं तुला.' 'पाहिले. जिन्यात उड्या मारू नकोस.' स्टाफरूममध्ये पंखा गरगरत होता, बाकीच्या बाई साड्यांच्या सेलचं बोलत होत्या आणि मी एकेका शेऱ्याची वेळ पुन्हा तपासत होते.

पहिला संशय अर्थात पोरीवरच. उभं राहायला नको म्हणून स्वतःच लिहीत असेल. आईविना पोर, फोन हाताशी, नवल काय! म्हटलं, पकडू. आमची शाळा दुपारची. दुसऱ्या दिवशी सव्वाच्या सुमाराला गणिताचा तास होता. मी तिला मुद्दाम फळ्यावर बोलावलं, अपूर्णांकांची बेरीज दिली आणि फोन टेबलावर समोर ठेवला. तिच्या हातात खडू. छेद समान करून ती वरचे आकडे लिहीत होती आणि फोन थरथरला. 'पाहिले. पडलेली दाढ जपून ठेवू नकोस, छपरावर टाक.' आदल्या दिवशी तिनं दाढ पडल्याचं लिहिलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं. दोन्ही हात खडूनं पांढरे, पाठ माझ्याकडे.

उत्तर बरोबर आलं होतं. मी 'बस' म्हणायचं विसरले, तशी ती माझ्या टेबलाजवळ आली आणि हळूच म्हणाली, "आईनं पाहिलं ना, बाई?" घंटा झाली का, असं विचारावं तसं. जागेवर जा, एवढंच कसंबसं म्हटलं.

मी भुतंखेतं मानत नाही. पण त्या आठवड्यात सव्वा वाजायला आला की माझं शिकवण्यात लक्ष लागेना. फोन पर्समध्ये, पर्स कपाटात, कपाटाला कुलूप, तरी कान तिकडे. आणि भुतापेक्षा वाईट विचार मनात यायचे. कुणीतरी माणूस कुठेतरी बसून या पोरीचा डबा, तिची वेणी, तिचा जिना रोज बघतोय. मेलेल्या आईच्या नावाखाली. काय हवंय त्याला? आणि दार मी उघडून दिलंय. शनिवारची शाळा सकाळची. ती सुटली, तशी मी तिच्याबरोबर दिव्याला गेले.

चार मजली इमारत, लिफ्ट नाही. प्रत्येक जिन्याच्या वळणावर निळी पिंपं, टँकर येऊन गेल्यामुळे सगळ्या पायऱ्या ओल्या. दार तिच्या आत्यानं उघडलं. वडलांची थोरली बहीण, ती यांच्याकडेच राहून घर सांभाळायची. दारासमोरच भिंतीवर फोटो. चंदनाचा हार, वर लाल दिवा. बाई तरुण होती आणि हसत होती. कुठल्यातरी लग्नातल्या फोटोतून कापून मोठा केलेला असावा, कारण तिच्या खांद्यावर कुणाचातरी हात तसाच राहिला होता. चार बोटं आणि बांगड्या, पुढचं माणूस नाही.

चहा आला. वडील नुकतेच कामावरून आले होते, ते स्वयंपाकघराच्या दारात बनियनवर उभे. मुलगी फोटोखालीच पाट घेऊन लिहायला बसली, फोटोकडे पाठ करून. त्यांनी आधी सांगितलेलं नव्हतं म्हणून मी विचारलं, कशानं गेल्या? आत्या म्हणाली, माहेरी गेलेली, तिकडेच वारली, दीड वर्ष झालं. एवढं बोलून तिनं बिस्किटांची बशी पुढे सरकवली. आणि पर्समध्ये फोन वाजला. मी काढून पाहिला. 'पाहिले.' वर नजर गेली तर फोटोतली बाई हसतेय.

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पोरीला बाजूला घ्यायचं, विचारायचं, मग काय ते ठरवायचं. पण गप्प बसेन तर ती मी कसली! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी सगळं सांगून टाकलं, पहिल्या दिवसापासून, फोन उघडून दाखवत. आत्या फोनच्या काचेकडे बघत राहिली, हात लावीना. मग म्हणाली, "बंद करा ते, बाई. आजच्या आज." वडील वळून आत गेले आणि आतून पाण्याचा आवाज येत राहिला. मुलीनं पेन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, बिचारी घाबरली.

परतताना माझ्या डोक्यात नुसती आग होती. त्या हरामखोर माणसाला सोडायचं नाही. सोमवारी सव्वा वाजायच्या आधी मी तिच्या ताज्या लेखाखाली लिहिलं, 'ही मुलगी आईविना आहे. तिची आई वारली, घरात फोटोला हार आहे. मेलेल्या बाईचं नाव घेऊन लेकराशी खेळताना लाज वाटत नाही? पुन्हा इथे फिरकू नका.' मुलांच्या नजरेला पडायला नको म्हणून चार वाजता ते पुसून टाकलं. ज्यानं वाचायचं त्यानं तोवर वाचलं असेल, असा हिशेब. मग ब्लॉगच बंदिस्त केला. शाळेत नोंद असलेल्या पालकांचेच शेरे येतील, बाकीचे, त्या दिवशी मंजुरीला थांबलेले धरून, न वाचताच परस्पर कचऱ्यात. त्या दिवशी मी स्वतःवर खूश होते, हेही कबूल करते.

शेरे थांबले. मुलीनं ब्लॉगवर लिहिणं थांबवलं. वहीत लिहायची, चढवायची नाही. मी म्हटलं, ठीक आहे, तुला नियम नाही. पण दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला हजेरी झाली आणि ती आपली आपण उभी राहिली. 'बस गं, तुला नाही सांगितलं,' म्हटलं. बसली. तिसऱ्या दिवशी पुन्हा उभी. चौथ्या दिवशी पुन्हा. ना रडणं, ना रुसणं, ना एक शब्द. वर्गात कुणी हसेना. मी फळ्याकडे वळले तरी ती मागे उभी आहे हे मला पाठीला कळायचं. मी एकदा ओरडून पाहिलं, एकदा जवळ घेऊन पाहिलं. ती 'हो बाई' म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहायची.

असे दीड-दोन महिने गेले असतील. पितृपक्ष लागला. मी मुलांना 'आमच्या घरची पित्रं' यावर लिहायला सांगितलं. पोरांनी धमाल लिहिलं, कावळा कसा येत नव्हता आणि काकांनी कुठली शपथ घातल्यावर आला वगैरे. दिव्याच्या मुलीच्या वहीत खीर होती, वडे, गवारीची भाजी, अळू. खाली ओळ होती, 'आमच्याकडे फक्त आजोबांचं पान असतं. दुसरं कुणाचं नसतं.'

मी लाल पेनानं 'पाहिले' लिहिलं आणि पान उलटणार, तर हात थांबला. माझ्या सासूबाई गेल्या, सासरे आहेत. दरवर्षी अविधवा नवमीला मी सवाष्ण जेवायला घालते, ओटी भरते. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं पक्षात एवढं तरी करतातच. हार चढवणारं, लाल दिवा लावणारं घर आजोबांचं पान ठेवतं आणि घरच्या तरण्या सवाष्णीला विसरतं? कसं विसरेल? मग तो फोटो डोळ्यांसमोर आला. फोटोखाली तारीख नव्हती. जन्म नाही, मृत्यू नाही, काही नाही.

वडील खोपटच्या एसटी डेपोत कामाला, एवढं फॉर्मवर होतं. अर्धी रजा टाकून ठाण्याला उतरले आणि चालत निघाले. टेंभी नाक्यावर देवीच्या मंडपाचे बांबू बांधायला सुरुवात झाली होती, रस्ता निम्मा अडलेला. डेपोच्या फाटकात निरोप दिला. ते हात पुसत बाहेर आले आणि मला बघून त्यांचा चेहरा उतरला. मी नमस्कारसुद्धा केला नाही. म्हटलं, तुम्ही तिचं नवमीचं का करत नाही?

ते बराच वेळ हाताचं ग्रीस पुसत राहिले. मग म्हणाले की ती घर सोडून गेली, का ते विचारू नका, चूक सगळी तिची नव्हती. ताईनं सगळ्यांना तिच्या नावानं आंघोळ करायला लावली आणि फोटो लावला. लोक विचारतात बाई कुठे गेली. भिंतीवरच्या फोटोला कुणी काही विचारत नाही. शाळेच्या फॉर्मवर 'कै.' ताईनंच लिहायला लावलं. हे सगळं केलं, पण पान ठेवायची वेळ आली तेव्हा ताईचाही हात धजला नाही.

"जिवंत माणसाचं पान ठेवायचं कसं, बाई?" ते म्हणाले. "आणि ठेवलं, नि तिला खरंच काही झालं म्हणजे?"

मला त्यांना फाडफाड बोलायचं होतं. बोलले नाही, कारण शब्द माझ्याच अंगावर येत होते. ब्लॉग पुन्हा उघडू का, एवढं विचारलं. ते म्हणाले उघडा, पण ताईला कळू देऊ नका.

तिथेच बसथांब्याच्या बाकड्यावर बसून मी फोन काढला आणि नाकारलेल्या शेऱ्यांचा कप्पा उघडला. तिच्या नावानं तिथे एकच शेरा होता. त्या सोमवारचा, एक वाजून वीस मिनिटांचा, माझ्या उत्तराच्या खाली. 'पाहिले.' पुढे एक शब्द नाही. त्यानंतर एकही शेरा नाही. शेजारून बस सुटत होत्या, कंडक्टर गावांची नावं ओरडत होते आणि मी त्या एका शब्दाकडे बघत बसले. त्या बाईला मी तिच्या मरणाची बातमी दिली होती, आणि तिनं माझ्या नियमाप्रमाणे खाली शेरा दिला होता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मुलीला कॉम्प्युटरच्या खोलीत थांबवलं. कसं सांगावं याची रात्रभर जुळवाजुळव केली होती. "अगं, तुझी आई..." एवढं म्हटलं आणि तिनंच मला सोडवलं.

"मला माहीत आहे, बाई. मीच तिला पत्ता दिलेला."

जूनमध्ये, याच खोलीतून. आईचं मेलचं खातं तिनंच कधीकाळी काढून दिलं होतं, ते तिला पाठ होतं. घरचा फोन आत्या रोज तपासायची. पण ब्लॉग म्हणजे अभ्यास, अभ्यास कुणी तपासत नाही. आई कुठेतरी कामाला होती, दुपारी जेवणाच्या सुट्टीत बघायची. हे सगळं तिनं मला समजावून सांगितलं, उदाहरण सोडवल्यासारखं, पायरीपायरीनं. ब्लॉग पुन्हा उघडलाय हे मी सांगितलं, तेव्हा विचारलं, की मग आता आई लिहील ना?

मी काय लिहिलं होतं ते मला सांगावं लागलं. पुसलं असलं तरी शब्दन् शब्द पाठ होता. मी तो म्हणून दाखवला. ऐकताना ती कॉम्प्युटरच्या बंद पडद्याकडे बघत होती.

"फोटोचं तिला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मी तिला कधीच लिहिलं नाही. तिला वाईट वाटलं असतं. आता तिला वाटत असेल, मला पण ते खरं वाटतं."

मी माफी मागितली. सहावीतल्या पोरीची, हात धरून. तिनं हात सोडवून घेतला नाही, पण लक्षही दिलं नाही. ती विचार करत होती. मग म्हणाली, "तिला लिहा, बाई. फोटो लावला तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. मी रडले नाही."

मी फोनवर, त्या सोमवारच्या लेखाखालीच, लिहायला लागले. अक्षरं दिसेनात, दोनदा चुकलं. शेवटी तिनं फोन माझ्या हातातून घेतला, स्वतः लिहिलं, खाली स्वतःचं नाव घातलं आणि पाठवून मला परत दिला. मग दप्तर पाठीला लावून गेली.

याला आता वर्ष होत आलं. ती सातवीत आहे, वर्ग अजून माझ्याकडेच; रोज लिहिते, पूर्वीसारखंच, डबा, जिना, अभ्यास. तिच्या लेखांखाली अजून काहीही आलेलं नाही. एकदा तरी तिनं मला दोष द्यावा, चार शब्द ऐकवावेत, म्हणून मी वाट बघते. ती माझ्याशी नीट बोलते, वही वेळेवर देते, आणि तसलं काहीच म्हणत नाही.